रिकामं सोडू नये

सकाळी सव्वासहा. ऐरोली.
जीवशास्त्राच्या इमारतीमागे, एसीचं पाणी ठिबकून
जिथं शेवाळाची एक बारीक जीभ झालीय,
तिथून आमची रेषा सुरू होते.
दोनशे मीटर दोरी, दर पंचविसावर लाल चिंधी.
दोरी माझ्याकडे, कारण किल्ल्या माझ्याकडे,
आणि एकोणीस वर्षांत मला कळलंय,
ज्याच्याकडे किल्ल्या, त्याच्याकडे हळूहळू सगळंच येतं.

कर्णिक मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं:
दिसलं तर आकडा, नाही दिसलं तर शून्य.
रकाना रिकामा सोडू नये.
शून्य म्हणजे आपण पाहिलं, आणि नव्हतं.
रिकामं म्हणजे कुणी पाहिलंच नाही.

इफ्फत लिहिते. तन्वेशच्या गळ्यात दुर्बीण.
टिटव्या दोन: एक पार्किंगच्या खडीत अंड्यांवर,
दुसरी कुलसचिवांच्या गाडीवर ओरडतेय.
वेडे राघू सहा, इंटरनेटच्या तारेवर.
मुंगूस एक, कँटीनमागे. "खाद्य काय लिहू, मढवीकाका?"
इडली, म्हटलं. इडलीच होती.
धामण नाही, धामणीची कात. कात मोजायची का
यावर दहा मिनिटं गेली,
मग ती शेऱ्यात गेली.

स्थानिक नावाचा रकाना माझा.
त्यांना लॅटिन येतं. मला तिवर येतं, मारांडी येते,
कुंपणापलीकडच्या चिखलात उड्या मारतो तो निवटा येतो.
निवट्याचं कालवणही येतं,
पण त्याला रकाना नाही.

सातवी चिंधी.
अधिवास: हिरवळ, मानवनिर्मित, नियमित कापलेली.
बरोबर आहे. दर गुरुवारी यंत्र फिरतं.
इथं उघाडी होती.
उधाणाच्या रात्री बाबा फळी टाकायला यायचा,
मी कंदील धरायचो, आणि आत
तांबडा राता भात गुडघाभर अंधारात उभा असायचा.
हे मी सांगत नाही.
दोरीला झोळ पडलाय, ताणतो.

मोजणीदार आले तेव्हा मी आठ वर्षांचा.
त्यांच्याकडे साखळी होती, त्यांच्याकडेही रकाने होते.
शेत इतके गुंठे. भेंडाची झाडं चार. उघाडी एक, लाकडी.
बाबाने अंगठा दिला, मग त्यांना चहा दिला.
कोल्हे रात्री ओरडायचे.
मोजणीदार पाचला गेले.

आमच्या छापील यादीत कोल्हा आहे, क्रमांक एक्केचाळीस.
तेरा आठवडे, तेरा शून्यं.
तन्वेश म्हणतो, दर वेळी काय काढायचं,
वरून खाली एक रेघ ओढू.
मॅडम आज रजेवर आहेत.
मी म्हणतो, नको. तेराही वेळा आपण उठलोय ना?

शेवटची चिंधी कुंपणाच्या तारेला.
पलीकडे तिवरं, त्यांच्यामागे पुलावरचे दिवे
अजून विझलेले नाहीत.
आणि ओल्या मातीत ठसे.
चार बोटं, नखं, तळव्याची उशी,
तारेखालून आत आलेले, हिरवळीच्या दिशेनं गेलेले.

इफ्फत श्वास रोखून माझ्याकडे बघते.
तन्वेशने मोबाइल काढलाय, मोजपट्टी शोधतोय.
मी उकिडवा बसतो.
आता मी जे म्हणेन ते लिहिलं जाईल,
अहवालात जाईल, कदाचित नकाशावर एक ठिपका होईल,
आणि पुढच्या वर्षी इथं येऊ घातलेल्या वसतिगृहाच्या
आराखड्याला तो ठिपका थोडा टोचेल.
गुडघे दुखतात. ठसा रुंद आहे, बोटं फाकलेली,
डाव्या पुढच्या पायाचं एक नख तुटकं.
नख ओळखीचं आहे.
रोज दुपारी माझ्या डब्याशेजारी बसतं.

"कुत्रा," मी म्हणतो. "आपला, कँटीनचा."
कुणी काही बोलत नाही. टिटवी बोलते.
"मग एक्केचाळीसला?"
"शून्य. नीट काढ."

तिनं काढलं. शाई उमटेना,
म्हणून दोनदा गिरवलं.